सैतानाच्या नाकावरचं मागणं

दर जूनमध्ये क्विटोहून कुणीतरी कोटवाला आमच्या अलाउसीच्या स्टेशनावर उतरतो. बँड वाजतो, शाळेची पोरं निशाणं हलवतात आणि तो माणूस सांगतो, की या रेल्वेनं इक्वेडोरचा एक देश केला, समुद्राची आणि डोंगराची गाठ मारली. मग माझ्या ठेल्यावर येऊन भाजलेलं डुक्कर खातो आणि पुढच्या गाडीनं चालता होतो. मी काही बोलत नाही. गिऱ्हाईक आहे. पण अशी गाठ पडताना मी डोळ्यांनी पाहिलीय, आणि तेव्हा बँड नव्हता एवढं सांगते.

आबेलिनो नाउला आमचा सांधेवाला. अलाउसीच्या खाली सैतानाचं नाक म्हणतात तो उभा कडा आहे. तिथं गाडीला वळायला जागाच नाही. म्हणून ती पुढं जाऊन एका आखूड फाट्यावर थांबते, तिच्या मागं सांधा बदलला की उलटी चालत दुसऱ्या फाट्यावर उतरते, आणि तिथून पुन्हा सरळ तोंडानं खाली जाते. वरच्या फाट्याचा सांधा आबेलिनोकडं. त्यानं सांधा बदलून हिरवा बावटा वर केल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. माणूस नाकासमोर चालणारा, अतिशय कमी बोलणारा. त्याच्या हातून गाडी कधी खोळंबली नव्हती आणि त्याला जर कसला गर्व असेल तर एवढाच होता.

त्याची बायको तापानं गेली तेव्हा देल्फिना परकर सावरायच्या वयाची होती. बाप्तिस्म्याला पोरीला मी हातात धरलं होतं, म्हणजे मी तिची धर्माची आई. ती माझ्या ठेल्यावर उकडलेला मका विकायची. अन् तिथंच ते सुरू झालं. गाडीच्या टपावर ब्रेक फिरवायला जी माणसं असतात त्यांतला एक तेल्मो यागुआल, खालच्या दुरानचा, टपावरून तिच्या टोपलीत संत्री टाकायचा. एकही संत्रं बाहेर पडत नसे. मी म्हटलं, "पोरी, हा नेम चांगला नाही." ती हसली. मग मला कळायचं ते कळलं.

खालचा म्हणजे किनाऱ्याकडचा. आम्ही त्यांना माकडं म्हणतो, ते आम्हाला डोंगरी म्हणतात, आणि असं म्हणतात की नावातच शिवी ऐकू यावी. आमच्या मते ते बडबडे आणि उधळे. त्यांच्या मते आम्ही घुमे आणि आतल्या गाठीचे. माझ्या आईच्या वेळी खाली गेलेला माणूस तापानं मरायचा, म्हणून खाली कुणी जातच नसे. गाडी आली तशी ये-जा सुरू झाली. केळी वर आली, बटाटे खाली गेले. बोलणी मात्र टोपलीच्या भावापुरती राहिली.

आबेलिनोला मीच सांगितलं. तो माझ्या ठेल्याशी उभा होता. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"पोर खूश आहे?"

"आहे."

"मग झालं." टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "दुरान लांब आहे ना?"

"सकाळच्या गाडीनं गेलं की संध्याकाळी पोचतं."

"गाडी तर मीच सोडतो," तो म्हणाला आणि गेला. मला त्याच्या पाठीकडं बघवेना. घरात दोनच माणसं, त्यातलं एक जाणार. पण त्यानं मनाची तयारी केली होती. मागणं यायच्या आठवड्यात त्यानं नवी टोपी घेतली, भिंतींना चुना दिला, आणि माझ्याकडून पाव डुक्कर सांगून ठेवलं.

शनिवारच्या गाडीनं तेल्मोची आई पेत्रोना आली. बरोबर तिचा भाऊ सेगुंदो, आणि सेगुंदोच्या खांद्यावर एक ओलं पोतं. तेल्मोला रजा मिळाली नव्हती. तो टपावरून खाली वाकून आईला म्हणाला, "उद्या खाली येताना ऐकेन काय ठरलं ते," आणि गाडीबरोबर वर रिओबाम्बाला गेला. पेत्रोनाबाई उंच, सुती कपड्यात, थंडीनं दात वाजत होते, पण जीभ गरम होती.

"इथं माणसं राहतात की मांस टिकवायला ठेवलंय?"

"माणसं राहतात, बाई. मांस आम्ही खातो," मी म्हटलं आणि माझी शाल तिच्या अंगावर टाकली.

पोत्यात चिंबोऱ्या होत्या. खारफुटीच्या चिखलातल्या, लाल पायांच्या, दोरीत माळेसारख्या बांधलेल्या आणि जिवंत. "दर स्टेशनावर उतरून पाणी मारत आणल्यात," सेगुंदो म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं असलं काही घरात निघालं तर केरसुणी घेऊन धावतात. रात्री जेवायला मी कुई भाजली होती. चुलीमागं पाळतो आम्ही, सशाच्या पिल्लाएवढी असते. पाहुण्यासाठीच कापतात. पेत्रोनाबाईनं ताट जवळ ओढलं आणि थबकली.

"याला दात आहेत."

"तुमच्या चिंबोऱ्यांना चिमटे आहेत."

ती इतकी हसली की खोकला लागला. कुई तिनं खाल्ली नाही, बटाटे सगळे खाल्ले. मला बाई आवडली.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही आबेलिनोच्या घरी गेलो. देल्फिना आतल्या खोलीत. आबेलिनो नवी टोपी घालून खुर्चीत ताठ. पेत्रोनाबाईनं पोतं त्याच्या पायाशी ठेवलं आणि उभ्यानंच सुरुवात केली. "माझा मुलगा बेताची पितो, काम चोख करतो आणि तुमच्या मुलीवर जीव टाकतो. सून म्हणून मी तिला त्रास देणार नाही, ओरडेन थोडं, ते मी सगळ्यांनाच ओरडते. मुलगी द्या. आणि हे आमच्याकडचं."

आबेलिनोनं पोत्याकडं पाहिलं. पोतं हलत होतं. तो उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "नाही. माझ्याकडं द्यायला मुलगी नाही. तुमची भेट परत घेऊन जा."

इतकं नीट म्हणाला की मला समाधान वाटलं. शब्द न शब्द जसा असायला हवा तसा. त्याच्या बापानंही असंच म्हटलं असेल. आमच्याकडं मागणं तीनदा येतं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा हो. पहिल्याच वेळी हो म्हणणारा बाप म्हणजे पोर जड झालेला बाप, आणि अशा पोरीला सासरी कोण विचारतं? आबेलिनोनं टोपी पुन्हा घातली, मान लववली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून ट्रॉलीवर बसून खाली कड्याकडं गेला. मी ठेला मांडायला स्टेशनावर आले. पुढच्या रविवारी दुसरं मागणं, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं, तोवर डुक्कर टिकेल की नाही याचा मी हिशेब करत होते.

तेवढ्यात देल्फिना धावत आली. रडून डोळे लाल.

"मावशी, त्या निघाल्या. तिकीट काढलं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, तुझा दोष नाही, पण तुझ्या बापानं आमच्या तोंडावर दार लावलं."

"अगं, पहिलंच नाही होतं ते."

"मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मुली, बापाची बाजू घेतेस हे चांगलंच आहे." तिनं नाक पुसलं. "त्यांच्याकडं तीनदा मागत नाहीत का?"

हे तर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं सगळं जग तीनदा मागतं. तेल्मो आमच्या गावावरून इतकी वर्षं जात होता, पण टपावरून. घराच्या आत काय चालतं ते टपावरून दिसत नाही.

गाडी आली. तेल्मो टपावर, दात दाखवत. पेत्रोनाबाई डब्यापाशी थांबून वर बघून म्हणाली, "काम कर आपलं. नाही म्हणाला." पोराचं हसू गेलं. त्यानं फलाटावर देल्फिनाकडं पाहिलं, तिनं तसं नाही म्हणून जोरजोरात मान हलवली, पण शिट्टी झाली आणि त्याला ब्रेकाच्या चाकाशी जावं लागलं. मी देल्फिनाच्या हातात सुरी दिली, म्हटलं डुक्कर बारीक काप, आणि चालत्या गाडीत चढले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं तर पोरीचं नाक चांगलं धडधाकट होतं.

दुसऱ्या वर्गाचा डबा सगळ्यांत शेवटी. एका बाजूला आमच्या बायका, कांदे-बटाट्याची गाठोडी घेऊन. दुसऱ्या बाजूला खालचे, मोकळ्या टोपल्या घेऊन परत निघालेले. पेत्रोनाबाई खिडकीशी, पोतं मांडीवर, सेगुंदो तिच्या शेजारी. मी समोर बसले.

"पेत्रोनाबाई, ते नाही खरं नव्हतं."

"मग खोटं बोलला?"

"खोटं नाही हो, रीत आहे. दोनदा नाही म्हणायचं, मग हो."

"आणि खरंच नाही म्हणायचं असलं तर?"

"तर दारच उघडत नाहीत. कुत्रं सोडतात."

पलीकडचा एक तांदळाचा व्यापारी, दुरानचाच असावा, हसला. "म्हणून म्हणतो, डोंगऱ्याशी धंदा करावा तर डोकं दुखतं. नाही म्हणजे हो, हो म्हणजे बघू."

कांद्याच्या गाठोड्यावर बसलेली आमची म्हातारी मागं वळलीसुद्धा नाही. "आणि तुम्ही लोक हो म्हणता आणि येतच नाही. माझं छप्पर शाकारतो म्हणून गेलात, ते अजून तसंच आहे."

डबा हसला. पेत्रोनाबाई हसली नाही. पोत्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, तुमची रीत असेल. पण त्यानं आधी पोत्याकडं पाहिलं आणि मग नाही म्हणाला. आमचं अन्न बघून नाही म्हणाला. मी रात्रभर उठून या चिंबोऱ्यांवर पाणी मारलंय. तुम्ही भल्या आहात, पण मधल्या माणसाचा शब्द मी घेणार नाही. ज्याच्या तोंडून नाही आलं, त्याच्याच तोंडून दुसरं काही आलं तर ऐकेन. नाहीतर उद्याच साहेबाला सांगून तेल्मोला खालच्या लाईनवर घेते. या कड्यावर तो पुन्हा चढायला नको."

म्हणजे सगळं संपलंच होतं. ज्याच्या तोंडून यायला हवं तो कड्यावर सांध्याशी उभा, आणि गाडी त्याच्यासमोर थांबणार ती सांधा बदलेपर्यंत. आबेलिनोनं गाडी अडवायची? सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा.

गाडी फाट्यावर शिरली आणि थांबली. आमचा डबा सांध्याला अगदी लागून. आबेलिनो सांध्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले.

"आबेलिनोभाऊ, यांना वाटतंय तुम्ही खरंच नाही म्हणालात. त्या कायमच्या चालल्यात."

त्यानं वर पाहिलं. "पण मी तर पहिल्यांदाच नाही म्हटलं."

"त्यांच्याकडं एकदाच विचारतात."

"एकदाच?" त्याला ते खरंच वाटेना. "मग पोरीला कसं कळतं की बापाला ती हवी होती?"

पेत्रोनाबाई खिडकीशी सरकली होती. तिनं ऐकलं होतं. इंजिनाची शिट्टी झाली, ड्रायव्हर सांध्याची वाट बघत होता. आबेलिनोचा हात दांड्यावर होता. सवयीनं आवळला गेला. मग त्यानं तो काढून घेतला आणि खडी तुडवत आमच्या खिडकीखाली आला, टोपी काढून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो सांधा सोडून कधी कुठं गेला नव्हता.

गार्ड पुढून चालत आला. रिओबाम्बाचा जाड माणूस, धापा टाकत. "नाउला, सांधा अडकलाय का?"

"सांधा ठीक आहे. मी अडकलोय."

"काय?"

"साहेब, जरा गप्प राहा," कांदेवाली म्हणाली. "मागणं चाललंय."

गार्डनं घड्याळ काढलं, आमच्याकडं पाहिलं, आणि घड्याळ हातातच धरून उभा राहिला. टपावर धडधड ऐकू आली. तेल्मो पुढच्या डब्यांवरून पळत येऊन आमच्या डब्याच्या टपावर पालथा पडला होता. त्याचे केस खिडकीच्या वर लोंबत होते.

मी पेत्रोनाबाईला कोपरानं ढोसलं. "विचारा पुन्हा."

ती उठली. "नाउला, माझ्या तेल्मोला तुमची मुलगी देता का?"

"नाही," आबेलिनो म्हणाला.

डब्यानं कपाळाला हात लावला. तांदळाचा व्यापारी म्हणाला, "घ्या. हा माणूस गाडी दरीत ढकलणार."

"अहो बरोबर आहे त्याचं," कांदेवाली ओरडली. "दुसरं झालं. आता थांबू नका, बाई. तिसरं विचारा. पटकन."

पेत्रोनाबाईनं पोतं दोन्ही हातांनी धरलं. "नाउला, आता नाही म्हणालात तर या चिंबोऱ्या पोत्यासकट तुमच्या अंगावर सोडीन. मुलगी देता का?"

आबेलिनो खाली दरीकडं बघत राहिला. इंजिन धुसफुसत होतं. मग तो म्हणाला, "तिला थंडीची सवय आहे. तिकडच्या उकाड्यात जपा तिला."

आमच्या बाजूच्या बायकांनी सुस्कारा सोडला. एकीनं तर छातीवर क्रूसाची खूण केली. पेत्रोनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "हे हो आहे का?"

"हो आहे," मी म्हटलं.

"हो आहे, बाई," कांदेवालीनं सांगितलं.

"असेल," पेत्रोनाबाई म्हणाली. "तुमच्या रीतीनं मी तीनदा विचारलं. आता आमच्या रीतीनं मला सरळ ऐकू दे."

आबेलिनो लाल झाला. कानापर्यंत. मला वाटतं तो शब्द त्यानं आयुष्यात फारसा वापरलाच नव्हता. त्यानं टोपी छातीशी धरली.

"हो."

"आता कसं," तांदळाचा व्यापारी म्हणाला आणि कांदेवालीला केळं दिलं. तिनं ते घेतलं, आणि छपराचं काय ते पुन्हा विचारलं. टपावरून कसला तरी आवाज आला. तेल्मो रडत होता की हसत होता, मला वर बघता आलं नाही. माझेच डोळे भरले होते.

आबेलिनोनं हात वर केले. "ती भेट द्या इकडं."

पेत्रोनाबाईनं माळ पोत्यातून काढून दिली. त्यानं ती कशी धरायची असते ते न कळून मधेच धरली आणि एकीनं त्याचं बोट पकडलं. तो हूं की चूं करीना. "मागून धरा, मागून," डब्यातले सगळे खालचे एका आवाजात शिकवायला लागले. शेवटी सेगुंदोनं खिडकीतून वाकून त्याचं बोट सोडवलं. एका हातात चिंबोऱ्या घेऊन आबेलिनोनं दुसऱ्या हातानं सांधा बदलला, माळ काखेत मारून हिरवा बावटा वर केला, आणि गाडी उलटी चालायला लागली. कड्याखालच्या सिबाम्बे स्टेशनावर मी उतरले आणि वर जाणाऱ्या मालगाडीनं परत आले. फाट्यावर आबेलिनो बादलीत पाणी घालून चिंबोऱ्यांपाशी उकिडवा बसला होता. "यांना उकडतात का बटाट्यासारखं?" त्यानं विचारलं. मला तरी काय माहीत.

गाडी अडवल्याबद्दल वरून विचारणा झाली. गार्डनं सांगितलं, रुळावर अडथळा होता, काढला. खोटं नव्हतं ते.

लग्न पावसाळा सरल्यावर झालं, आमच्याच चर्चमध्ये. एका टेबलावर कुई आणि चिंबोऱ्या शेजारी शेजारी. वरच्यांनी चिंबोऱ्यांना हात लावला नाही, खालच्यांनी कुईला नाही, दारू मात्र दोघांनीही सोडली नाही. पेत्रोनाबाई सगळ्यांवर ओरडली, कबूल केल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं नवरानवरी दुरानला निघाली. मी सिबाम्बेपर्यंत पोचवायला गेले. आबेलिनो स्टेशनावर आला नाही. त्याची ड्यूटी होती.

गाडी फाट्यावर थांबली. देल्फिना आमच्या त्याच डब्यात, इंजिनाकडं तोंड करून बसलेली. आबेलिनो सांध्याशी उभा, नवी टोपी घातलेली. बापानं लेकीकडं पाहिलं. कुणी शिट्टीही वाजवली नाही. तोच गार्ड होता, त्यानं खिशातलं घड्याळ चाचपलं आणि खिशातच राहू दिलं. आबेलिनोनं दांड्यावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला. हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं.

देल्फिनानं खिडकीची चौकट घट्ट धरली. तिलाही ऐकू आलं होतं. मग त्यानं दांडा ओढला, सांधा बसला का ते वाकून पाहिलं आणि हिरवा बावटा वर केला. गाडी वेळेवर सुटली. ती उलटी चालत होती म्हणून पोरीला बाप बराच वेळ दिसत राहिला.